वर जाणारी बरणी

माझी बायको क्रेन चालवते. नव्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं की त्याची मान गर्रकन वळते आणि कान कापता कापता वाचतो. म्हणून हल्ली मी आधी वस्तरा बाजूला ठेवतो आणि मग सांगतो. उंच इमारत उभी राहत असते तेव्हा तिच्या शेजारी पिवळा लोखंडी मनोरा असतो बघा, त्याच्या टोकाला काचेची एक खोली असते. त्या खोलीत ही बसते आणि लोखंड, विटा, सिमेंट असलं सगळं इकडून तिकडे नेऊन ठेवते. खालून ती खोली काडेपेटीएवढी दिसते. दिसते म्हणे. मी एकदाच वर बघितलं होतं आणि माझे हातपाय असे गळाले की लोकांनी मला धरून सिमेंटच्या गोणीवर बसवलं. तेव्हापासून मी तिकडे गेलो तरी मान खाली घालून जातो.

घाबरट म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. न्हावी माणूस मी, जमिनीवरचा. दुकानात वारा सुटला की गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून मी दारात येतो आणि समोरच्या झाडाची फांदी किती हलतेय ते बघतो. गिऱ्हाइकांना सवय झालीय. ती फेस लावून गप्प बसून राहतात. आमची लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तेव्हा मला वाटलं, आता ही म्हणेल की पुरे झालं, उतरते खाली. कसलं काय. पुढची इमारत आधीच्यापेक्षा उंच घेतली हिने.

तर हिच्या कंपनीचा एक डॉक्टर आहे. क्रेनवर चढणाऱ्या प्रत्येकाला तो ठरावीक काळाने तपासतो. या खेपेला त्याने हिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि चेहरा पाडून म्हणाला की रक्तदाब फार वाढलाय, वजनही वाढलंय, असंच राहिलं तर शिडी बंद. तीन महिने देतो, म्हणाला. मीठ कमी करा, तळलेलं सोडा, जेवणात कच्च्या भाज्या घ्या. तेवढ्या दिवसांत आकडा खाली आला नाही तर तुम्हाला खालच्या स्टोअरात बसवावं लागेल. स्टोअर म्हणजे पत्र्याची एक खोली आहे. तिथे दिवसभर बसून कुणाला किती नट आणि किती बोल्ट दिले ते बघायचं.

ही घरी आली, चपला कोपऱ्यात भिरकावल्या आणि जेवली नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, होईल सगळं नीट म्हणालो. आणि खरं सांगू का, मनातल्या मनात मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ही खाली येणार. पत्र्याची खोली तर पत्र्याची खोली, पण जमिनीवर. वारा सुटला तर सुटू दे मग.

तोंडाने मात्र मी म्हणालो की डब्याचं माझ्यावर सोड.

लेकीने फोनवर सगळं समजावलं. बाबा, तोंड मोठं असलेल्या काचेच्या बरण्या घ्या. तळाला लिंबाचा रस, थोडं तेल, मिरपूड, ठेचलेली लसूण. त्यावर गाजर आणि ढोबळी मिरची, कारण ती ओली राहिली तरी बिघडत नाहीत. मग उकडलेले चणे, मग बिया काढलेली काकडी, आणि सगळ्यात वर लेट्यूसची पानं, धुऊन अगदी कोरडी केलेली. रस खाली आणि पानं वर, दोघांची गाठ पडता कामा नये. रविवारी करून फ्रिजमध्ये ठेवलं की बुधवारपर्यंत चालतं, बुधवारी परत करायचं. मीठ घालायचं नाही. मी म्हटलं, एवढंच ना.

आणि मग मी माझी कला दाखवली. आयुष्यभर केस कापलेत, हात बसलेला आहे. गाजराचे असे बारीक तुकडे केले की सुईत ओवावेत. काकडी अशी चिरली की पलीकडचं दिसावं. ढोबळी मिरची म्हणजे तर कात्रीने दाढी सारखी करावी तशी एकसारखी. पानंसुद्धा कापली, पट्ट्या पट्ट्या. बरण्या ओळीने ओट्यावर मांडल्या तेव्हा लाल, हिरवा, पांढरा, असे थर दिसत होते आणि मी लेकीला फोटो पाठवला. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, हे खायचं की शोकेसमध्ये ठेवायचं. पण तिला बरं वाटलं होतं, मला कळतं ते.

वर जेवायची पद्धत अशी की शिडी उतरून परत चढायची तर जेवणाची सुट्टी त्यातच संपते, म्हणून ही वरच जेवते. सकाळी पिशवी पाठीला लावून चढते. काही विसरलं, काही लागलं, तर केबिनच्या खिडकीतून एक बारीक दोरी खाली सोडते आणि खालचा माणूस त्याला पिशवी बांधतो. खालचा माणूस म्हणजे शिट्टी. त्याचं काम इशारे द्यायचं, वॉकीटॉकीवर हिला सांगायचं की ताई डावीकडे घ्या, ताई सावकाश सोडा. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून नावही शिट्टी. हिला ताई म्हणतो तर मला भावोजी. केस कापायला माझ्याचकडे येतो आणि भावोजी म्हणून पैसे कमी द्यायला बघतो.

रोज संध्याकाळी मी विचारायचो, कसं होतं? ही म्हणायची, छान होतं. बरणी रिकामी यायची, धुतलेली. मी खूश. बुधवारी अजून बारीक चिरायचो.

असे बरेच दिवस गेले. एक दिवस शिट्टी केस कापायला आला. खुर्चीत बसला की माणसाची जीभ सैल होते. डोळे मिटलेले, मानेभोवती कापड, डोक्यावर कुणाचा तरी हात. माणसं माझ्याकडे असं काही बोलून जातात की घरी बायकोला सांगणार नाहीत. शिट्टी डोळे मिटून म्हणाला, भावोजी, तुमच्या हाताला काय चव आहे हो. गाजर इतकं बारीक कुणी कापत नाही. आम्ही तिघं चौघं पावात घालून खातो रोज.

माझी कात्री हवेतच राहिली. मी अगदी साध्या आवाजात विचारलं, रोज का? तो म्हणाला, रोज. ताई दुपारी दोरीने बरणी खाली सोडतात आणि आम्ही कँटीनमधले तळलेले बटाटे आणि पाव पिशवीत घालून वर पाठवतो. बरणी धुऊन परत द्यायची, एवढी एकच अट.

मी त्याचे केस कापून पूर्ण केले. कसे कापले, त्याचं त्याला माहीत. तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसलो. डोक्यात नुसती तिडीक गेली होती. मी घरी ओट्याशी उभं राहून पाय दुखवून घेतोय, आणि माझी काकडी शिट्टी पावात घालून खातोय. आज घरी जाऊन चांगली खरडपट्टी काढतो, असं ठरवलं.

आणि मग आरशात माझंच तोंड दिसलं आणि दुसरा विचार आला. बोललोच नाही तर?

काहीच करायचं नव्हतं हो मला. फक्त गप्प बसायचं होतं. ही तळलेले बटाटे खात राहील, डॉक्टर पट्टा बांधेल, आकडा तसाच वर, आणि ही खाली. दोष माझा नाही. मी तर बिचारा बरण्या भरत होतो, सगळ्या गल्लीला माहीत आहे. मला हवं ते आयतं पदरात पडणार होतं.

त्या संध्याकाळी मी विचारलं नाही, कसं होतं. तिनेच सांगितलं, छान होतं हं आजचं. मी हं म्हणालो. जेवताना बोललो नाही. माझ्यासारखा बडबड्या माणूस गप्प बसला की घरातली भांडीसुद्धा कान टवकारतात. दुसऱ्या दिवशीही तेच. ती मला दोनदा म्हणाली, ताप वगैरे आहे का, आणि कपाळाला हात लावून बघितला.

रविवार आला. मी दुकान लवकर बंद केलं, भाज्या आणल्या, ओट्याशी उभा राहिलो. ही खिडकीपाशी स्टूल ओढून त्यावर चढली होती. पडद्याची दांडी निसटली होती, ती बसवायला. दांडी बसवून झाली तरी ही उतरेना. पडद्याच्या वरून लांब कुठेतरी बघत उभी. मला मागच्या वर्षाखेरीचा काळ आठवला. एक काम संपलं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं, आणि ही घरी बसली होती. कपाटं इतक्यांदा लावली की माझे रुमाल मला अजून सापडत नाहीत. आणि रोज या ना त्या निमित्ताने याच स्टुलावर चढायची. तेव्हा मी हसत होतो. आता डोळ्यांसमोर ती पत्र्याची खोली आली. बारीक खिडकी, समोर नटांचे डबे, आणि त्यामागे ही. मला ते सहन होईना.

मी सुरी खाली ठेवली आणि म्हणालो, "बरणी खाली जाते आणि बटाटे वर येतात. मला कळलंय."

ती स्टुलावरच थिजली. मग हळूहळू उतरली. मला वाटलं, आता चिडेल, नाहीतर खोटं बोलेल. तिने दोन्ही केलं नाही. म्हणाली, बसा इथे. स्टूल खिडकीपासून लांब ओढलं आणि मला त्यावर बसवलं. फ्रिजमधून शेवटची उरलेली बरणी काढली, माझ्या हातात दिली, काटा दिला. खा म्हणाली.

मी झाकण उघडलं. काटा घातला. ही पायाने स्टूल हलवायला लागली. जोरात नाही, पण थांबतच नव्हती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. केबिन अशी हलते, म्हणाली. ताटली ठेवायला जागा नाही, सगळीकडे दांडे आणि बटणं. बरणीतूनच खायचं.

काट्यात काही येईना. ते सुईत ओवायचं गाजर काट्याच्या फटींतून खाली पडत होतं. काकडी बरणीला आतून चिकटली होती. तळाचा रस तळालाच, वरच्या पानांना त्याचा पत्ता नाही. बरणी वाकडी केली तर चणे माझ्या मांडीवर. आणि ही म्हणाली, त्यात सकाळपासून काचेतून ऊन येतं. दुपारपर्यंत तुमच्या त्या पट्ट्यांची पानं शिजून काळी पडतात. खाली सावलीत ताटलीत ओतून घेतलं तर छान लागतं, शिट्टी खोटं बोलत नाही. वर ते खाता येत नाही हो. एकदा चणे क्रेनच्या दांड्याच्या खाचेत गेले तर माझी पाचावर धारण बसली होती.

माझी पँट लिंबाने भिजली होती. मी म्हणालो, मग तोंडाला कुलूप लावलं होतं का? सांगायचं नाही?

ती पाय थांबवून म्हणाली, "तुम्ही दिवसभर उभं राहून येता आणि परत इथे माझ्यासाठी उभे राहता. बरण्यांचे फोटो काढता. कसं सांगू?"

मग तिने विचारलंच. शिट्टीचे केस तर गुरुवारी कापलेत, मी बघितले, कसले कापलेत ते. मग आज रविवार. इतके दिवस तुम्ही का गप्प होतात?

मी सरळ सांगितलं. "तू नापास झालीस तर खाली येशील, म्हणून."

तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. म्हणाली, वारा सुटला की तुम्ही दारात उभे राहता, ते मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकं सांगतात. मग बोललात कशाला आज?

"तुला स्टोअरात बसलेलं मला बघवणार नाही," मी म्हणालो. तिने माझ्या मांडीवरचे चणे एक एक करून उचलले आणि खाऊन टाकले. मग म्हणाली, चव चांगली आहे पण.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून नव्याने सुरुवात केली. ती सांगायची, मी कापायचो, आणि माझी सगळी कला तिने धुळीला मिळवली. गाजर बोटाएवढं जाड ठेवायचं. मी म्हणालो, हे काय, बैलाला घालायचंय का. ती म्हणाली, हातात धरून कडाकड खाता आलं पाहिजे, एका हाताने. काकडीचे उभे लांब तुकडे. ढोबळी मिरचीच्या रुंद फाका. चण्यांना बंदी, त्यांच्याऐवजी उकडलेलं अंडं. पानं अख्खी ठेवायची, कोरड्या कापडात गुंडाळून, अंडं पानात धरून खायचं. सगळं बरणीत उभं भरायचं, म्हणजे वरून एकेक ओढून काढता येईल.

राहिला रस. तळाला ओतायचा नाही, तर घालायचा कसा? तिथे मात्र माझं डोकं चाललं. दुकानात केस ओले करायला फवाऱ्याच्या बाटल्या असतात. एक लहान कोरी बाटली काढली, गरम पाण्याने धुतली, त्यात गाळलेला लिंबाचा रस भरला. खायच्या वेळी फुस्स केलं की झालं. मिरपूड पुडीत वेगळी. आणि उन्हाचं म्हणाल तर दाढीचे टॉवेल कशासाठी असतात? गार पाण्यात पिळून बरणीभोवती घट्ट गुंडाळला. वारा लागला की आतलं आणखी गार होतं. ही हसत सुटली. म्हणाली, बरणीला दाढी करायला बसवलंय जणू.

दुसऱ्या दिवसापासून बरणी खाली जायची बंद झाली. शिट्टी दुकानात येऊन कुरकुर करून गेला की भावोजी, आमच्या पावात आता काही नाही. त्याला मी बारीक चिरलेलं एका डब्यात भरून दिलं. कला वाया का घालवायची.

डॉक्टरचा दिवस उजाडला. उपाशी पोटी तपासणी, म्हणून हिने सकाळी डबा नेला नाही. जाताना म्हणाली, फोन करू नका, मी करीन. मी दुकानात उभा. फोन काही वाजेना. एका गिऱ्हाइकाची मिशी मी एका बाजूने जास्त कापली आणि मग दुसरी बाजू तिच्याएवढी करता करता मिशीच गेली. तो भला माणूस होता, पैसे देऊन गेला. दुपार झाली तरी फोन नाही. जीव नुसता टांगणीला लागला. शेवटी मी शटर ओढलं, घरी जाऊन बरणी घेतली, टॉवेल ओला करून गुंडाळला आणि तिकडे गेलो.

फाटकातून आत शिरल्यावर आधी स्टोअर लागतं. मी मान खाली घालूनच त्या पत्र्याच्या खोलीपाशी गेलो. खिडकीतून आत बघितलं. आत एक म्हातारा चष्मा लावून डबे हलवत होता. बाकी कुणी नाही. मी त्याला विचारलं, इथे आणखी कुणी बसायला आलंय का नवीन? तो म्हणाला, नाही बुवा.

तिथेच मला भिंतीला हात टेकावा लागला. मग वर आहे ही. वर आहे. आनंद होता आणि भीतीही होती, दोन्ही एकदमच.

शिट्टी धावत आला, माझ्या डोक्यावर त्याचं जादा हेल्मेट दाबलं. म्हणाला, ताई पास झाल्या, आकडा बघून डॉक्टरने दोनदा पट्टा बांधला. काँक्रीट यायचं होतं म्हणून त्या तशाच वर गेल्या, आणि वर फोन न्यायला बंदी आहे. उपाशी आहेत अजून. मला म्हणाल्या, बटाटे पाठवलेस तर बघ.

मनोऱ्याच्या पायथ्याशी दोरी लोंबत होती. शिट्टी बांधायला लागला, मी त्याला बाजूला केलं. बरणी पिशवीत ठेवली आणि गाठ मी मारली, गिऱ्हाइकाच्या मानेमागे मारतो तीच. कितीही हललं तरी सुटत नाही आणि टोक ओढलं की एका हाताने मोकळी होते. दोरीला झटका बसला. पिशवी माझ्या हातातून सुटून वर निघाली.

आणि मी तिच्यामागे वर बघायला लागलो. छातीएवढी होती, मग डोक्याच्या वर गेली, मग दुसऱ्या मजल्याला, मग त्याच्याही वर. शिट्टीने माझा दंड धरला होता आणि मी त्याला धरू दिलं. पिशवी ठिपका झाली आणि त्या काडेपेटीत शिरली. खिडकी बंद झाली.

शिट्टीने वॉकीटॉकीत तोंड घालून सांगितलं की भावोजी आलेत, वर बघतायत. पलीकडून काही उत्तर आलं नाही. खरखर झाली. मग मोठा कडाम असा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा एकदा, कडाम. शिट्टी यंत्र हातावर आपटत म्हणाला, गेलं वाटतं हे.

मी म्हटलं, आपटू नकोस. गाजर आहे ते.

ती बोलायचं बटण दाबून धरून खात होती. मी यंत्र त्याच्या हातातून घेऊन कानाला लावलं आणि तिचं गाजर संपेपर्यंत तिथे उभा राहिलो, मान वर करून.